कळसावरचं ऊन

गाडी थांबली. धक्का वगैरे काही बसला नाही. मुलगा सम्मेद ब्रेक नेहमी हलका मारतो, आताही तसाच मारला, आणि गुणमालाबाईंच्या मांडीवरचा पेढ्यांचा खोका बोटभर पुढे सरकून राहिला. एवढंच झालं. पण त्यांची नजर आपली आपण उजव्या काचेतून बाहेर गेली, सूर्य किती वर आहे ते बघायला. तो पुलाच्या भरावावर वीतभर होता. कासेगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं, नवा पूल व्हायचा होता, त्याचा मातीचा भराव उजव्या हाताला घराएवढा उंच गेलेला आणि सगळी वाहनं त्याच्या कडेच्या अरुंद रस्त्यावर घातलेली. पुढे कुठेतरी उसाची ट्रॉली कलंडली होती. मागे ट्रक येऊन उभे राहिले. डाव्या अंगाला उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर धडधडत आला आणि बंद झाला.

सम्मेदने फोन लावला. इस्लामपुरात त्याची आत्या, रत्नाक्का, स्वयंपाक करून वाट बघत होती.

"आत्या, अडकलोय जरा. येतो अर्ध्या तासात."

"अर्धा तास काय म्हणतोस?" रत्नाक्कांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "वहिनीचं दिवस मावळायच्या आत व्हायला पायजे. मी भाकरी तव्यावर टाकू का नको, तेवढं सांग."

"टाक."

"टाक म्हणतोय. मागच्या खेपेला पण टाक म्हणलास, आन् शेवटी कुत्र्याला घातली."

गुणमालाबाई हसल्या नाहीत, पण त्यांना बरं वाटलं. साताऱ्याला दिराच्या नातीचा साखरपुडा होता, दिवसभर माणसांत बसून कान किटले होते, त्यात हा एक आवाज ओळखीचा. कराड मागे पडल्यावर त्यांनी गाडीतच पदर सारून पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती. सुई घेतली की थोड्या वेळाने जेवायचं असतं, आणि इस्लामपूर काही लांब नव्हतं. असा सगळा हिशेब बसवलेला होता. त्यांचे हिशेब गेली कित्येक वर्षं असेच सूर्याला धरून बसवलेले असत.

सूर्य मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही, हा नियम त्यांना कुणी दिला असा नव्हता. तो घरात होता, जसा रांजण होता, जशी दाराला कडी होती. समडोळीच्या घरासमोर बस्ती होती. जिनमंदिराला त्या बाजूला बस्तीच म्हणतात. तिच्या कळसावरचं ऊन गेलं की आई ताटं उचलायची. घड्याळ भिंतीवर होतं, पण जेवणाला घड्याळ कुणी बघत नसे. कळसावर अजून पिवळं आहे ना, मग बसा. गेलं, मग उठा. एखाद्याच्या ताटात अर्धी भाकरी असली तरी उठायचं. गुणमालाबाई लहानपणी पाठ वळवून भराभर गिळायच्या आणि मग उचकी लागायची. संध्याकाळ म्हटली की त्यांना अजून ती घाई आठवते, घशात अडकलेला घास आणि कळसाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे.

आता तोच नियम सुटायच्या बेताला आला होता. दिवाळीनंतर एका पहाटे त्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या दारात पडल्या. संध्याकाळी सहाला जेवलेल्या, रात्रभर पोटात काही नाही, साखर उतरली. डॉक्टरांनी सम्मेदला बाजूला घेऊन नाही, त्यांच्यासमोरच सांगितलं की रात्री झोपताना काहीतरी खावं लागेल, नाहीतर पुढच्या वेळी उठतीलच असं नाही. सम्मेदने घरी येऊन समजावलं. बस्तीतल्या मुनिमहाराजांनाही विचारून आला. आजारपणाला सूट असते म्हणाले, आई, उगीच हट्ट करू नको. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मुलाला वाटलं, आईला पापाची भीती वाटते. त्यांना पापाची भीती फारशी कधी वाटली नव्हती. कॉलेजात दुग्धशास्त्र शिकवण्यात जन्म गेला होता, दुधातले जंतू काचेखाली बघण्यात. पण रोज दिवस कलला की त्या खिडकीशी येत आणि सूर्य कुठवर आला ते बघत, आणि त्या बघण्यात, निमिषभरच, एक डोंगराची उतरण येऊन जाई. ओली, शेवाळलेली, उन्हातली. नियम गेला तर सूर्याकडे बघायचं काही कारण उरणार नव्हतं. कारण नसताना माणूस रोज खिडकीशी जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे सम्मेदला कसं सांगायचं, ते त्यांना सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की नाही कोण जाणे.

मांडीवरचा खोका उन्हाने कोमट झाला होता. कंदी पेढ्यांचा भाजक्या खव्याचा वास यायला लागला. नॉर्वेत पहिल्यांदा तिथलं तपकिरी चीज जिभेवर ठेवलं तेव्हा त्यांना हसू आलं होतं, कारण साताऱ्याचा पेढाच तो, फक्त खारट. एकोणीसशे बहात्तर साल असावं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हळदीचा व्यापार करता करता कुठल्याशा पेपरात शिष्यवृत्तीची जाहिरात वाचली आणि बाकीच्या भावकीला न विचारता मुलीला दुग्धशास्त्र शिकायला नॉर्वेला धाडलं. स्टेशनवर निरोप द्यायला आलेल्यांपैकी निम्मी माणसं पोरगी गेली ती गेलीच अशा चेहऱ्याने उभी होती. अण्णा एवढंच म्हणाले, "थंडी लय असती म्हणं. नियमाचं बघ तुझं तू." बघ म्हणजे पाळ असं त्यांना म्हणायचं होतं का पाळायचं की नाही ते ठरव असं, हे गुणमालाबाईंना तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं राहून गेलं.

हिवाळ्यात तिथे दिवस दुपारीच मावळायचा. त्या दोन वाजता जेवून घेत आणि मग लांबच लांब अंधारात अभ्यासिकेत बसत. पोटात खड्डा पडे. वर्गातल्या मुली विचारत, त्या पोट बिघडलंय सांगत. मग उन्हाळा आला, आणि सुट्टीत सिग्रुन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली, दूर उत्तरेला, रात्रभर रेल्वे आणि मग बोट. सिग्रुन म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतली सोबतीण, हाडापेराने दणकट, गाताना नेहमी सूर चुकणारी. तिच्या बापाच्या शेळ्या होत्या. आई एकसारखी बटाटे उकडायची. बटाटा नको, कांदा नको, मासा नको, अंडं नको, असं गुणमालाबाईंनी सांगितल्यावर ती बाई बराच वेळ विचार करत राहिली आणि मग तिने सिग्रुनमार्फत विचारलं की तुमच्याकडे जमीन आहे का नाही. तिथे त्या दिवसांत सूर्य मावळत नसे. तो नुसता आकाशाच्या कडेकडेने सरकत जाई आणि उत्तरेच्या डोंगरामागे गेला की दरीत सावली भरे. उजेड तसाच राहायचा, दुधासारखा, पण ऊन जायचं.

तर त्या दिवशी अंगणात लाकडी बाकावर सगळे जेवायला बसले होते. पातळ कुरकुरीत भाकरी, लोणी, ते चीज, आणि एका खोल पातेल्यात घट्ट आंबट साय, साखर पेरलेली. ऊन डोंगराआड गेलं. शेळ्यांच्या गोठ्याच्या कौलावरून, मग चिमणीवरून ते निघून गेलं, आणि गुणमालाबाईंचा हात थांबला. त्यांनी ठरवून थांबवला नव्हता. चमचा खाली ठेवला गेला, जसा समडोळीत ठेवला जायचा. सिग्रुनने विचारलं, काय झालं? तोपर्यंत पोट बिघडण्याचा कंटाळा आला होता. त्यांनी खरं ते सांगितलं. सिग्रुनने घरच्यांना सांगितलं. तिचा भाऊ ओड्वार, तो सुतारकाम करायचा, त्याने मान वर करून समोरच्या उतरणीकडे बघितलं. तिथे, थोडं वर, अजून ऊन होतं. सावलीची रेघ स्पष्ट दिसत होती, खाली निळं, वर पिवळं. त्याने पातेलं उचललं आणि चालायला लागला. सिग्रुनने भाकरी पदरात, म्हणजे तिच्या एप्रनमध्ये, घेतल्या. "चल," ती म्हणाली, "तुझं जेवण पळतंय."

ते तिघं चढले. रेघ ओलांडून उन्हात आले की बसायचं आणि खायचं, सावली पायाशी आली की उठून पुन्हा वर. पहिल्यांदा गंमत होती, मग तो खेळ झाला, मग त्या खेळाचे नियम झाले. सावलीत घास तोंडात असला तर गिळायचा नाही, गाल फुगवून उन्हापर्यंत पळायचं. ओड्वार मुद्दाम पातेलं घेऊन पुढे पळे. गुणमालाबाईंनी सुती लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खाली लोकरीचे मोजे आणि सिग्रुनच्या आईचे रबरी बूट. चालता चालता खाणं हे घरी पापाच्या यादीत वेगळं होतं, बेशिस्त म्हणून. त्या पळत पळत खात होत्या. साय हनुवटीवरून ओघळत होती. हसून बरगडीत कळ आली आणि त्या शेवाळावर आडव्या झाल्या, तर सिग्रुन ओरडली, सावली, सावली, पाय वर घे, आणि त्यांनी खरंच पाय वर घेतले. त्यांना आठवतं ते शेवाळ पाठीला ओलं लागत होतं आणि चेहरा उन्हात तापला होता, आणि आपण कुणाची मुलगी, कुठल्या घराण्यातली, असलं काही त्या वेळी डोक्यात नव्हतं. घशात घास होता पण घाई नव्हती. वर, अगदी माथ्यावर, पोचले तेव्हा समोर समुद्र दिसला आणि त्यावर सूर्य, टेकायच्या बेतात, आणि टेकत नव्हता. ते बसून राहिले. पातेलं बोटांनी निपटून झालं. जेवण संपलं, ऊन संपलं नाही.

ह्यातलं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. परत आल्यावर अण्णांनी विचारलं, "मोडला न्हाईस न्हवं?" त्या म्हणाल्या, "न्हाई." ते खरंच होतं. मग ती गोष्ट गावात, पुढे सासरी, सांगलीच्या समाजात फिरत राहिली, की गुणमाला परदेशात राहिली पण एकदाही रात्री जेवली नाही. महिला मंडळात त्यांचा शाल घालून सत्कार झाला तेव्हाही हेच वाक्य म्हटलं गेलं, पदवीचं नाव घ्यायच्या आधी. नवरा, धन्यकुमार, चांगला माणूस होता, त्याला ती गोष्ट सांगायला फार आवडे. त्या शेजारी बसून ऐकत. एकदोनदा त्यांना वाटलं, त्याला तरी सांगावं. पण सांगितलं असतं तर त्याने आधी विचारलं असतं, मग ते चालतं का? डोंगरावर चढून खाल्लेलं? आणि त्याच क्षणी ती उतरण, ते पातेलं, ओड्वारची पाठ, सगळं चालतं की चालत नाही ह्या दोन शब्दांत जाऊन बसलं असतं, आणि पुन्हा बाहेर आलं नसतं. म्हणून त्यांनी ते नुसतं ठेवलं. ठेवलेल्या वस्तूला कसर लागते तशी आता लागत होती. पातेलं निळं होतं का पांढरं? सिग्रुनचा आवाज कसा होता? मधल्या एका चढावर ओड्वारने हात दिला होता, तो उजवा का डावा? हल्ली त्या एकेक गोष्ट चाचपून बघत आणि एखादी जागेवर नसे. आज पातेलं निळं होतं. काठाला पोचा होता. त्यावर ऊन...

"आई."

कुणीतरी हाक मारत होतं.

"आई, अगं घाम किती आलाय तुला."

सम्मेद मागे वळून बघत होता. त्याचा चेहरा नीट दिसेना, कडेने थरथरल्यासारखा. गुणमालाबाईंनी हात उचलला, तर तो हातही तसाच. कपाळ, मान, पाठ गार आणि ओली. त्यांनी उजवीकडे बघितलं. काचेबाहेर भराव होता, काळसर, आणि त्यावर नुसता तांबूस उजेड. सूर्य नव्हता. त्या बसून राहिल्या होत्या आणि तो गेला होता. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि त्याला कारण तो डोंगरच, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली, पण लांबून, दुसऱ्या कुणाचं नवल वाटावं तशी.

सम्मेदने खोका उघडला. "पेढा खा. लगेच."

"मावळला."

"मावळू दे. साखर उतरलीय तुझी. सुई घेऊन बसलीयस."

"पाणी दे."

"पाण्यानं काय होणार आहे?" त्याचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. "आई, मी तुझ्या पाया पडतो. इथून दवाखान्यात न्यायला वाट नाही. पुढं ट्रॉली, मागं ट्रक. तू आत्ता बेशुद्ध पडलीस तर मी काय करू, सांग."

त्याने पेढा त्यांच्या ओठापाशी धरला. त्यांना त्याची कीव आली, आणि तोंड उघडावंसं वाटलं, पण जबडा मिटलेला राहिला. एकदा हे झालं की झालं. उद्यापासून रात्री दूध, परवापासून बिस्किट, खिडकी आपली खिडकीच्या जागी. कानात बारीक शीळ वाजत होती. बाहेर माणसं बोलत होती, कुणीतरी खालून वर ओरडत होतं.

"सिद्धू, हाललं का रं फुडं?"

"न्हाई अजून. ऊस गोळा कराय लागल्यात," वरून उत्तर आलं. शेजारच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ट्रॉलीतल्या उसावर चढून उभा होता. चाळिशीचा, मिशाळ, डोक्याला पांढरी टोपी. पुढची कोंडी बघून तो खालच्यांना बातमी देत होता. गुणमालाबाईंनी डावीकडची काच खाली केली. मान वर करणं जड जात होतं. त्याची टोपी पिवळी दिसत होती, छातीही पिवळी. उसाच्या मोळ्यांवर ऊन होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाल्या, "अहो दादा, सूर्य दिसतो का तिथून?"

त्याने खाली बघितलं. "कोन, सूर्य? दिसतोय की. का?"

"तो असेपर्यंतच जेवतात त्या," सम्मेद काकुळतीने म्हणाला. "साखरेचा त्रास आहे. खात नाहीयेत."

"आवं मग खावा की, आजी. ह्या भरावाच्या आड गेलाय त्यो. हितनं आख्खा हाय, परातीएवढा."

"आख्खा?"

"आख्खा म्हंजी बुडाला जरासा टेकलाय. पर हाय."

गुणमालाबाईंनी तोंड उघडलं. पेढा आत गेला. पहिल्यांदा त्याला चवच नव्हती, मातीसारखा लागला, मग एकदम गोड. त्या चावत राहिल्या. गिळायच्या आधी त्यांनी वर बघितलं.

"आहे का?"

"हाय."

गिळला. सम्मेदने दुसरा दिला. त्यांनी तो अर्धा तोडला, घाईने नाही. खालच्या माणसांपैकी एक जण हसला. "काय रं सिद्धू, सूर्याची वर्दी द्यायलायस व्हय?"

"तू गप बस, तुला न्हाई देत," सिद्धू म्हणाला. "हाय, आजी. निम्मा हाय."

दुसरा पेढा संपला. त्यांनी तिसरा स्वतः उचलला. वर त्याच्या छातीवरून ऊन निघत होतं, गळ्याशी आलं, मिशीवर, मग नुसती टोपी पिवळी राहिली. त्यांनी ती बघितली. टोपीवरचं पिवळं बारीक होत गेलं, कडेला उरलं, आणि मग टोपी पांढरी झाली, नंतर राखाडी. शेजारच्या ट्रकने दिवे लावले.

"आहे का?" त्यांनी विचारलं.

सिद्धू पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. त्याने वळून खाली गाडीकडे बघितलं.

"हाय," तो म्हणाला.

सम्मेदने आईकडे बघितलं. खोका तेवढा त्याने तसाच पुढे धरून ठेवला. गुणमालाबाईंनी तिसरा पेढा तोंडात घातला आणि सावकाश चघळला. शीळ कमी झाली होती. बाहेरची माणसं, त्यांचे विडीचे ठिपके, भरावाची कड, सगळं आपापल्या जागी येत होतं. फोन वाजला, आत्या असणार, सम्मेदने घेतला नाही.

पुढे कुठेतरी इंजिनं सुरू झाली. सिद्धू मोळ्या धरत धरत खाली उतरला, पायातली चप्पल शोधून घातली आणि ट्रॅक्टरच्या सीटवर चढायच्या आधी गाडीच्या काचेशी आला. अंधारात त्याची मिशीच तेवढी कळत होती. गुणमालाबाईंच्या हातात चौथा पेढा होता, अर्धा खाल्लेला.

"वाट झाली, आजी. बरं वाटतंय का?"

"बरं आहे." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "खरं सांगा, मावळला ना?"

त्याने पेढ्याकडे बघितलं.

"तुमचं झालं का खाऊन?"

"नाही अजून."

"मग न्हाई मावळला," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर चालू करायला गेला.

त्यांनी उरलेला अर्धा पेढा खाल्ला. मग पदराला बोटं पुसली, काच वर केली आणि म्हणाल्या, "आत्याला सांग, भाकरी टाक म्हणावं."